मुंबईची सनावळी

‘इतिहास म्हणजे नुसती सनावळी नव्हे’ हें वाक्य आपल्याकडे इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे कीं, आतां सनावळीची बाजू घेणें हेंच थोडें धाडसाचें काम होऊन बसलें आहे. शाळेंत पाठ करावयास लावलेल्या सनांचा राग माणसास जन्मभर पुरतो, आणि त्या रागाच्या भरांत तो सनांना ‘शुष्क हाडें’ म्हणून मोकळा होतो. परंतु हाडांवांचून शरीर उभें राहत नाहीं, ही गोष्ट शुष्कतेची तक्रार करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेविलेली बरी. शिवाय सनावळी ही वाटते तितकी निरुपद्रवी वस्तु नाहीं. शेंकडों वर्षांतील लाखों घटनांपैकीं पन्नास किंवा शंभर घटना निवडून कोणी एक मनुष्य जेव्हां त्या एकाखालीं एक मांडतो, तेव्हां त्यानें कोणतें मत दिलें नसलें तरी निवाडा दिलेलाच असतो. काय स्मरणीय आणि काय विस्मरणीय, हें त्यानें आपल्या वतीनें ठरवून टाकलेलें असतें. म्हणूनच सनावळी हाही टीकेचा विषय होऊं शकतो. प्रस्तुत लेखांत आम्ही मुंबई शहराच्या सनावळीकडे या दृष्टीनें पाहणार आहों.

महाराष्ट्राला सनावळीचें महत्त्व परक्यांनीं शिकविण्याची गरज नव्हती. शकावली हा आपल्या जुन्या वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. जेधे शकावलींतील एका ओळीमुळें शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा वाद कसा पेटला, शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया खरी कीं शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया खरी याविषयीं पंडितांच्या किती पिढ्यांनीं शाई खर्च केली, हें आमच्या वाचकांस विदित आहेच. एक तिथि म्हणजे एक आंकडा, इतकेंच जर असतें तर विद्वानांनीं एवढें रण माजविलें नसतें.

राजांच्या शकावल्या निराळ्या आणि शहराची सनावळी निराळी. इंग्लंडांत शहराच्या सनावळीची परंपरा फार जुनी आहे. ब्रिस्टल शहराचा नगरलेखक रॉबर्ट रिकार्ट यानें १४७९ मध्यें शहराची एक वही लिहावयास घेतली. तींत वर्षावर्षाच्या नगराध्यक्षाचें नांव आणि त्याच्या वर्षांत घडलेल्या ठळक गोष्टी अशी मांडणी होती. इतर इंग्रजी शहरांतही असाच परिपाठ होता. पुढें १५९८ मध्यें जॉन स्टो यानें लंडनचें वर्णन प्रसिद्ध केलें. स्टो हा धंद्यानें शिंपी; त्यानें शहर पेठेपेठेनें पायांखालीं घातलें आणि दगडांवरील लेखांपासून म्हाताऱ्यांच्या आठवणींपर्यंत सर्व कांहीं टिपलें. या दोन पुस्तकांत शहराच्या इतिहासाच्या दोन पद्धती आपणांस दिसतात. एक कचेरींत बसून अधिकाऱ्यांच्या नांवानें वर्षें मोजणारी, आणि दुसरी रस्त्यानें चालत रहिवाशांच्या नांवानें वर्षें मोजणारी. मुंबईच्या वांट्याला या दोन्ही पद्धती आल्या. परंतु पगडा बसला तो पहिल्या पद्धतीचा.

मुंबईचा स्टो म्हणावयाचा तर तो मान गोविंद नारायण माडगांवकर यांचा. त्यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ मध्यें प्रसिद्ध झालें. गोव्याकडून आलेल्या एका शिक्षकानें, सरकारी दप्तराची किल्ली हातीं नसतां, देशी भाषेंत एका नव्या शहराचें सांगोपांग वर्णन करावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. देवळें, बाजार, गोद्या, शाळा, निरनिराळ्या जातींचे लोक आणि त्यांचे धंदे, आगगाडी, टांकसाळ, असा कोणताही विषय त्यांनीं कमी दर्जाचा मानला नाहीं. पुढें न. र. फाटक यांच्या संपादनानें हें पुस्तक पुन्हा छापलें गेलें, आणि २००८ मध्यें मुरली रंगनाथन यांनीं केलेलें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. म्हणजे मराठींत लिहिलेल्या मुंबईची ओळख जगास होण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं.

या पुस्तकाचा मोठा गुण असा कीं, त्यांतील सन हे माणसांच्या गर्दींत उभे आहेत. ग्रंथकारास अमुक इमारत केव्हां झाली एवढेंच सांगावयाचें नसतें. ती होण्यापूर्वीं तेथें काय होतें आणि ती झाल्यावर लोक काय म्हणूं लागले, हेंही सांगावयाचें असतें. दोषही उघड आहे. इंग्रजी राज्यापासून झालेल्या लाभांविषयीं त्यांचा आदर इतका मोठा आहे कीं, त्या लाभांची किंमत कोणी चुकविली हा प्रश्न त्यांच्या लेखणीस फारसा सुचत नाहीं. शिवाय काळही मोठा फसवा होता. अमेरिकेंत १८६१ मध्यें यादवी सुरू झाली, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि मुंबईवर पैशाचा पाऊस पडूं लागला. त्या पावसांत हें पुस्तक छापलें गेलें. १ जुलै १८६५ रोजीं शेअरांचा फुगा फुटला; गोविंद नारायणही त्याच वर्षीं वारले. भरतीच्या वेळीं किनाऱ्याचें वर्णन करणाऱ्यास ओहोटीनें उघडे पडणारे खडक दिसत नाहींत, याबद्दल त्यास किती दोष द्यावा?

त्यानंतर १८८९ मध्यें बाळकृष्ण बापू आचार्य व मोरो विनायक शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ निघाला, आणि १९०९-१० मध्यें एडवर्ड्स यांनीं सिद्ध केलेले मुंबई शहर व बेट यांच्या गॅझेटियरचे तीन खंड इंग्रजींत बाहेर पडले. गॅझेटियरचें ऋण कोणीही अभ्यासक नाकारणार नाहीं. लोकसंख्या, व्यापार, कारभार, न्याय, आरोग्य अशा विभागांनीं रचलेला तो माहितीचा कोठारखाना आहे. परंतु कोठारखान्याची मांडणी कोठावळ्याच्या सोयीनें होते. ज्या गोष्टीची सरकारास गरज, ती समोरच्या फळीवर. ज्या गोष्टीची रहिवाशास गरज, ती कोपऱ्यांत. आणि दुर्दैवाची गोष्ट अशी कीं, पुढील बहुतेक मराठी लेखकांनीं आपल्या सनावळ्या गॅझेटियरवरून उतरून घेतल्या. गोविंद नारायणांची वाट पुढें नेली नाहीं.

आमच्या मतें शहराच्या कोणत्याही सनावळीस तीन प्रश्न विचारावे. तींतील सन कोणत्या साक्षीवर उभा आहे? त्या सनाचा मागच्या-पुढच्या सनांशीं संबंध दाखविला आहे काय? आणि ती घटना ज्यांच्यावर गुदरली, ते लोक त्या ओळींत आहेत काय? या तीन कसोट्यांवर मुंबईची रूढ सनावळी घासून पाहूं.

पहिली कसोटी साक्षीची. रूढ सनावळी बहुधा २३ जून १६६१ च्या विवाहतहापासून जोर धरते. पोर्तुगालची राजकन्या कॅथराइन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस याच्याशीं ठरला आणि मुंबई बेट आंदणांत गेलें. १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं हम्फ्री कुक यानें बेटाचा ताबा घेतला, आणि १६६८ मध्यें राजानें वर्षाकाठीं दहा पौंड खंडानें तें ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें. हे सन खरे आहेत. पण ते कसे लिहिले गेले हें विद्यार्थ्यास कोणी सांगत नाहीं. त्या काळीं इंग्रजांचें पंचांग आणि पोर्तुगीजांचें पंचांग यांत दहा दिवसांचें अंतर होतें. शिवाय इंग्रजांचें कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळें आपण ज्यास फेब्रुवारी १६६५ म्हणतों, त्यास इंग्रज कारकून १६६४ म्हणे. आणि बेटावरील भंडारी किंवा कोळी यांना विचारलें असतें तर त्यांच्या लेखीं तो शके १५८६ चा माघ-फाल्गुनाचा सुमार होता. एकाच दिवसाचे असे तीन हिशेब. इंग्लंडनें १७५२ मध्यें आपलें पंचांग सुधारून घेईपर्यंत हा घोळ चालू होता, आणि मे १७३९ मधील वसईच्या विजयासारख्या घटनांच्या तारखा निरनिराळ्या ग्रंथांत अकरा दिवसांनीं कां हुकतात, याचें उत्तर येथें आहे. ज्या सनावळींत याविषयीं एक टीपही नसते, ती अचूक दिसते खरी; पण अचूक दिसणें आणि अचूक असणें यांत फरक आहे.

साक्षीचा दुसरा प्रश्न आरंभाचा. विवाहतहापासून आरंभ केला म्हणजे मुंबई ही जणूं आंदणाच्या कागदांतून जन्मली असें वाटूं लागतें. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें वसईच्या तहानें ती पोर्तुगीजांना दिली, म्हणजे त्यापूर्वीं ती कोणाच्या तरी हातीं होतीच. आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या पूर्वीं तेथें राहणारे होते. राजवाडे यांनीं १९२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’मुळें माहीम आणि उत्तर कोंकण यांच्या त्या जुन्या वस्तीवर प्रकाश पडला. बिंब राजा कोण, तो स्वतंत्र कुळांतील प्रतापबिंब कीं देवगिरीच्या यादवांपैकीं भीमदेव, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पण वाद आहे म्हणून ती ओळच गाळून टाकावयाची हा न्याय कोणता? सनावळीनें ‘येथें वाद आहे’ असें लिहिण्यास लाजूं नये. वरळीच्या बांधाची गोष्ट अशीच. हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ पर्यंत गव्हर्नर होता. बांधाचा आरंभ आणि शेवट यांच्या वर्षांविषयीं ग्रंथ जुळत नाहींत. परंतु रामजी शिवजीच्या स्वप्नांत देवी आली आणि समुद्रांतून मूर्ति निघाल्यावरच बांध टिकला, ही कथा महालक्ष्मीच्या देवळापाशीं आजही सांगितली जाते. ही कथा सन म्हणून लिहितां येणार नाहीं. तथापि बांध घालणारे हात कोणाचे होते आणि त्या हातांचा विश्वास कशावर होता, याची ती साक्ष आहे. गव्हर्नरच्या नांवापुढें ती अगदींच टाकाऊ नव्हे.

दुसरी कसोटी संबंधाची. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, ही ओळ मराठ्यांच्या इतिहासांत असते. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी जमवून कोटाभोंवतीं खंदक खणविला, ही ओळ मुंबईच्या इतिहासांत असते. दोन पुस्तकें दोन कपाटांत असल्यामुळें, दुसरी ओळ पहिलीच्या भीतींतून निघाली हें आमच्या मुलांच्या ध्यानांत येत नाहीं. पुढें १८६२ च्या सुमारास बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दींत कोटाचे तट पाडले गेले, हा त्याच वाक्याचा उत्तरार्ध होय. ज्या शहरानें भीतीनें खंदक खणला, त्यानेंच भीति सरल्यावर तो बुजविला. मधलीं सव्वाशें वर्षें हीं एका वाक्यांत वाचतां आलीं तरच सनावळी वाचली असें म्हणतां येईल.

१६ एप्रिल १८५३ ची गोष्ट घ्या. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, चारशें पाहुणे, तोफांची सलामी, हें सर्व प्रत्येक सनावळींत थाटानें येतें. त्याच्याच दुसऱ्या वर्षीं, १८५४ मध्यें, कावसजी नानाभाई दावर यांनीं सूतगिरणीची कंपनी उभारली आणि १८५६ मध्यें ताडदेवास गिरणी चालूं लागली. ही ओळ बहुधा खालच्या टायपांत येते. वास्तविक या दोन सनांची जोडी लावल्यावांचून आजचें शहर समजत नाहीं. आगगाडीनें घाटावरचा कापूस बंदरावर आणला, गिरणीनें त्याचें सूत केलें, आणि त्या सुतानें सातारा-पुण्याचे व रत्नागिरीचे हजारों संसार परळ-लालबागेंत ओढून आणले. सलामीच्या तोफा सनावळींत ऐकूं येतात, गिरणीचा भोंगा ऐकूं येत नाहीं.

संबंध तुटला म्हणजे अर्थ कसा हरवतो, याचें आणखी एक उदाहरण देतों. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं गांठीच्या प्लेगाचें निदान केलें. लोकांनीं शहर सोडलें, गिरण्या ओस पडल्या. जानेवारी १८९७ मध्यें हाफकिन यांनीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ मध्यें, जेथें पूर्वीं गव्हर्नर राहत असत त्या परळच्या वाड्यांत, त्यांची प्रयोगशाळा आली. १८९८ मध्यें शहर सुधारण्यासाठीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या योजनांतून पुढें दादर-माटुंग्याची नवी वस्ती उभी राहिली. हिंदु कॉलनींतील ज्या रुंद रस्त्यांचें व झाडांच्या सावलीचें आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांस कौतुक वाटतें, ते रस्ते मांडवीच्या काळोख्या खोल्यांतून मेलेल्या माणसांचे ऋणी आहेत. हीं दोन नांवें एकाच ओळींत वाचण्याची संवय आम्हांस कोणत्याही सनावळीनें लाविली नाहीं.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण, ती समावेशाची. रविवारीं सकाळीं जो वाचक हा लेख निवांतपणें वाचत असेल, त्यास आम्ही विचारतों कीं, हा रविवार आपणांस कोणी दिला? सरकारी कचेऱ्यांना तो साहेबाच्या प्रार्थनेमुळें मिळाला असेल. मुंबईच्या गिरणीकामगारास तो फुकट मिळाला नाहीं. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले, सह्या जमविल्या, आणि अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. या तारखेस ना मिरवणूक निघाली, ना तोफ सुटली. परंतु शहरांतील लक्षावधि घरांचें आठवड्याचें गणित या तारखेनें बदललें. ती ज्या सनावळींत नाहीं, ती कोणाची सनावळी?

१८९३ चें उदाहरण पाहूं. त्या वर्षाच्या ऑगस्टांत शहरांत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. त्याच वर्षीं गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. पहिली घटना पोलिसांच्या दप्तरांत गेली, दुसरी चाळीच्या आठवणींत राहिली. त्यानंतर २२ जुलै १९०८ रोजीं लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गिरणीकामगारांनीं सहा दिवस संप करून शिक्षेच्या वर्षास एक याप्रमाणें दिवस मोजून दिले. येथें सनावळी लिहिणारा कोणी पंडित नव्हता. कामगारांनीं आपल्या बुडालेल्या मजुरीनें ती लिहिली. १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीवर परदेशी कापडाच्या मोटारीखालीं बाबू गेनू गेला, तोही गिरणींत काम करणारा. लालबागच्या मंडळानें १९३४ मध्यें गणपति बसविला, तोही तेथील कोळी व व्यापारी यांच्या बाजाराच्या जागेच्या नवसाचा. गर्दी आज सर्वांस दिसते. नवस कशाचा होता हें किती जणांस ठाऊक आहे?

सनावळींत योगायोगही असतात, आणि ते कधीं कधीं भाष्यकारापेक्षां अधिक बोलतात. १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं इंग्रजांनीं बेटाचा ताबा घेतला असें आम्ही वर लिहिलें. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं याच बंदरांत नाविकांनीं उठाव केला, आणि पुढील चार-पांच दिवसांत परळ-लालबागचे रस्ते रक्तानें भिजले. राज्याची पहिली तारीख आणि त्याच्या अखेरीच्या आरंभाची तारीख एकच. पहिली तारीख शाळेच्या पुस्तकांत असते. दुसरी असलीच तर नौदलाच्या प्रकरणांत असते, परळच्या प्रकरणांत नसते. कारण परळचें प्रकरणच लिहिलेलें नसतें.

आतां अशा एका सनाकडे येतों कीं ज्यापुढें सनावळीची सारी पद्धतीच अडखळते. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. संप केव्हां संपला? या प्रश्नास उत्तर नाहीं, कारण तो रीतसर मागें घेतलाच गेला नाहीं. १९८३ मध्यें सरकारनें तेरा गिरण्यांचा कारभार हातीं घेतला. कांहीं कामगार परतले, पुष्कळ परतले नाहींत, पुष्कळांना परतण्यास गिरणीच उरली नाहीं. आरंभाची तारीख आहे आणि शेवटची नाहीं, अशी घटना सनावळीच्या चौकटींत बसत नाहीं. म्हणून सनावळीकार आरंभाची ओळ लिहून पुढच्या विषयाकडे वळतो. वाचकास वाटतें, प्रकरण संपलें.

तें संपलें नव्हतें हें दाखविणाऱ्या तारखा निराळ्याच ठिकाणीं दडलेल्या आहेत. १९९१ च्या विकास नियमावलींतील ५८ व्या नियमानें गिरण्यांच्या जमिनीची ढोबळ वांटणी तीन भागांत ठरविली होती. एक भाग मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक घरांस, एक मालकास. २००१ मध्यें या नियमाचा अर्थ बदलण्यांत आला, आणि वांटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो बदल ग्राह्य धरला. कारकुनाच्या लेखणीनें झालेल्या या दुरुस्तीला कोणी ऐतिहासिक प्रसंग म्हणणार नाहीं. पण लोअर परळच्या आकाशांत आज जे मनोरे दिसतात त्यांचा पाया त्या दुरुस्तींत आहे. भावी इतिहासकारास मुंबईच्या सनावळींत २००१ हा सन १८५३ च्या शेजारीं लिहावा लागेल, असें आम्हांस वाटतें.

या बाबतींत एक चांगलें काम झालें आहे, त्याचा उल्लेख केलाच पाहिजे. मीना मेनन व नीरा आडारकर यांनीं गिरणगांवांतील रहिवाशांच्या तोंडून ऐकलेला शंभर वर्षांचा वृत्तांत २००४ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केला. पंडिती दृष्टीनें पाहणारास अशा तोंडी साक्षींत तारखांची ढिलाई दिसेल. माणसें सन सांगत नाहींत. ‘संपाच्या आधीं’, ‘संपानंतर’ असें सांगतात. परंतु ही ढिलाई नव्हे. हें दुसरें कालगणन आहे. आमच्या आजोबांच्या पिढीनें ‘प्लेगाच्या सालीं’ म्हणून जन्म मोजले. पुढच्या पिढीनें ‘गोदी उडाली तेव्हां’ म्हणून १४ एप्रिल १९४४ चा स्फोट खुणेस धरला. कांहीं घरांत अद्यापि ‘ट्राम बंद झाली त्या वर्षीं’ म्हणून १९६४ ओळखलें जातें. लोक शक सोडून देतात आणि संकटांस शक करतात. ही साक्ष कागदाशीं ताडून घ्यावी, हें खरें. पण कागदानेंही तिच्याशीं ताडून घेतलें जाण्यास तयार असावें.

लोकांनीं स्वतः राखलेल्या तारखेचें सर्वांत थोर उदाहरण दादरास आहे. डॉक्टर आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजीं दिल्लींत निवर्तले. दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाला तो ७ डिसेंबरास. म्हणजे दादरच्या स्थानिक सनावळींत खरी ओळ सातव्या तारखेची. पण लक्षावधि माणसें येतात तीं सहाव्या तारखेस, चैत्यभूमीवर. आणि परततांना पुष्कळांच्या हातीं पुस्तक असतें. हे लोक कोणत्याही ग्रंथकारानें सांगितलें म्हणून येत नाहींत. ज्या पुरुषानें परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींत दिवस काढून पुढें हिंदु कॉलनींत ग्रंथांसाठीं राजगृह बांधलें, त्याची तिथि त्यांनीं स्वतःच आपल्या मनांत नोंदली आहे. त्या दिवशीं दादरच्या कांहीं सुशिक्षित घरांत गर्दीविषयीं जी कुरकुर ऐकूं येते ती आम्हांस माहीत आहे. आमचें त्या घरांस इतकेंच सांगणें आहे कीं, शहराचा इतिहास वाचण्याची हौस असेल तर त्या दिवशीं खिडकी लावून घेऊं नये.

कोणी म्हणेल, सर्वांचा समावेश करावयाचा तर सनावळी अनंत होईल. आक्षेप योग्य आहे. निवड ही करावीच लागते. परंतु निवड करणारानें आपली कसोटी बोलून दाखवावी, एवढी आमची अपेक्षा. शिवाय मुंबईस एकच सनावळी असली पाहिजे असा दंडक कोठें आहे? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील हुतात्म्यांची संख्या कोणी १०५, कोणी १०६, कोणी १०७ सांगतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजीं ज्या चौकांत गोळीबार झाला तेथें स्मारक आहे. पण ते हुतात्मे ज्या चाळींतून निघाले, त्या चाळींनीं आपापल्या माणसाची नोंद एका ओळीनें ठेविली असती, तर संख्येचा हा घोळ राहिला असता काय? गिरगांवाची एक, परळची एक, लालबागची एक, दादरची एक, अशा सनावळ्या ज्या त्या भागांतील लोकांनींच लिहिल्या, तर मोठ्या सनावळीस आपोआप आधार मिळेल.

हें काम तांतडीचें आहे. डेव्हलपमेंट डिपार्टमेंटानें १९२० नंतर वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें ज्या २०७ चाळी बांधल्या, त्यांतील पुष्कळ ठिकाणीं आतां पुनर्बांधणी चालू आहे. रहिवाशांस मोठें घर मिळत असेल तर आम्हांस आनंदच आहे. दीडशें-दोनशें फुटांच्या खोलींत सात माणसांनीं राहावें आणि आम्ही बाहेरून त्या खोलीच्या इतिहासाचें कौतुक करावें, ही रसिकता नव्हे. पण चाळ पडते तेव्हां तिच्याबरोबर भाड्याच्या पावत्या, उत्सवमंडळांचे अहवाल, व्यायामशाळेचीं हजेरीपत्रकें आणि खानावळींच्या वह्याही मातींत जातात. या कागदांस आज रद्दीची किंमत आहे. पन्नास वर्षांनीं त्यांना किंमतच राहणार नाहीं, कारण ते नसतील. १८९८ मध्यें स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्था या शहरांत आहेत. त्यांच्या कपाटांत गॅझेटियरशेजारीं लालबागच्या एखाद्या मंडळाचा जुना अहवाल ठेवण्यास जागा मिळणार नाहीं, असें नाहीं. तो तेथें नेऊन देणारा कोणी पाहिजे.

तात्पर्य, मुंबईची जी सनावळी आज आपल्या हातीं आहे ती खोटी नाहीं. ती अपुरी आहे, आणि अपुरेपण कबूल न करण्याचा दोष तिच्यांत आहे. गोविंद नारायणांनीं १८६३ मध्यें जी वही उघडली तिची पानें त्यांच्यामागून फार थोड्यांनीं भरलीं. त्यांच्या मतांशीं आम्ही सर्वस्वीं सहमत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. परंतु आपल्या भाषेंत, आपल्या पायांनीं हिंडून, समोर दिसेल तें आणि ऐकूं येईल तें लिहून ठेवण्याची त्यांची पद्धत आम्हांस अद्यापि सर्वांत उत्तम वाटते. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं गिरणीचें ओळखपत्र, चाळीची जुनी पावती किंवा आजीच्या तोंडची एखादी ‘संपाच्या आधींची’ गोष्ट असेल, त्यांनीं ती गोष्ट सांगणाराचें नांव, आपला अंदाजाचा सन आणि तो अंदाज कशावरून बांधला तें कारण, अशा तीन ओळी लिहून ठेवाव्या. मुंबईच्या पुढच्या इतिहासकारास यापेक्षां अधिक मोलाची भेट आपण देऊं शकूं असें आम्हांस वाटत नाहीं.